अभिनंदन हीसुद्धा टिप्पणीच
‘दुसऱ्या देशातील वादग्रस्त निवडणुकीवर भारताने मौन पाळावे’ हे मत मला अर्धेच पटते, कारण आपण मौन पाळतो हेच खरे नाही. बांगलादेशात ७ जानेवारी २०२४ रोजी बीएनपी या प्रमुख विरोधी पक्षाच्या बहिष्कारात मतदान झाले; दुसऱ्या दिवशी अमेरिकेने ती निवडणूक मुक्त व न्याय्य नसल्याचे म्हटले, आणि त्याच दिवशी आपल्या पंतप्रधानांनी विजयी झालेल्या तेथील पंतप्रधान शेख हसीना यांचे अभिनंदन केले. अभिनंदन हीसुद्धा टिप्पणीच असते व तेथील मतदार ती विसरत नाही. त्याच वर्षी ५ ऑगस्टला हसीना यांना देश सोडावा लागला आणि सीमेवरील मालवाहतूक थांबली, तेव्हा आमच्या जामनेर भागातील जिनिंगवर (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांवर) दुसरा विषय नव्हता; आपल्या कापसाचा बांगलादेश हा मोठा ग्राहक आहे.

त्यामुळे निषेधाइतकीच शुभेच्छांचीही घाई टाळावी, असे मला मनापासून वाटते. केनियातील ऑगस्ट २०१७ ची अध्यक्षीय निवडणूक परदेशी निरीक्षकांनी बव्हंशी समाधानकारक ठरवली होती. तीच तेथील सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबरला रद्द केली.