दिल्ली क्राइम: कॅमेरा ठाण्याबाहेर पडतच नाही

अर्धविराम

‘दिल्ली क्राइम’ या नेटफ्लिक्स मालिकेचा नोव्हेंबर 2025 मध्ये आलेला तिसरा सीझन संपवला, मन भरलं नाही म्हणून पुन्हा पहिल्याकडे, म्हणजे निर्भया प्रकरणाच्या तपासाकडे वळलो. सातही भाग दोन रात्रींत बघितले. 2019 मध्ये भारावून गेलो होतो. या वेळी काहीतरी खुपत राहिलं, म्हणून हा धागा.

जिथे श्रेय आहे तिथे ते आधी देतो. 16 डिसेंबर 2012 च्या रात्री त्या बसमध्ये काय झालं हे दिग्दर्शक रिची मेहता एकदाही दाखवत नाहीत. जे कळतं ते जबाबांतून. आरोपी जयसिंग कबुली देतो तो प्रसंग आठवा. आवाज चढत नाही, पार्श्वसंगीत अंगावर येत नाही. तो सपाट सुरात सांगत जातो आणि आपण ऐकणाऱ्यांचे चेहरे बघत बसतो. शेफाली शाह, राजेश तैलंग, रसिका दुगल या तिघांनी मालिका खांद्यावर पेलली आहे. 2020 चा आंतरराष्ट्रीय एमी सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेसाठी मिळाला, भारतीय मालिकेला पहिल्यांदाच. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार अशी, की सगळी गोष्ट पोलिसांच्या खुर्चीत बसून सांगितली आहे. निदर्शक म्हणजे बाहेरचा गोंगाट, माध्यमं म्हणजे गिधाडं, राजकारणी म्हणजे दबाव. आयुक्त तेवढे सुसंस्कृत आणि ताठ कण्याचे. मेहतांना या विषयाकडे वळवणारे नीरज कुमार हे त्या वेळी खरोखरच दिल्लीचे पोलीस आयुक्त होते, हे लक्षात घेतलं की चित्र असं का उतरलं ते कळतं. समीक्षकांपैकी मोजक्यांनीच यावर बोट ठेवलं. आपण प्रेक्षकांनी तर डोळे पुसत टाळ्या वाजवल्या.

रातकिडा

अहो, तपासकथा आहे ती! तपास पोलीसच करणार ना? उद्या डॉक्टरांवरची मालिका बघून ‘कॅमेरा ऑपरेशन थिएटरमध्येच का’ असं विचाराल.

हातात जवळपास काहीच नसताना सुरुवात झाली होती. एका हॉटेलच्या सीसीटीव्हीत तीच पांढरी बस दोनदा जाताना दिसली, तिथून धागा सापडला. आठवड्याच्या आत सहाही जण ताब्यात आणि 3 जानेवारी 2013 ला आरोपपत्र. हे खरंच घडलंय, मालिकेने रचलेलं नाही. चांगलं काम झालं तर ते दाखवायचंही नाही का? पोलिसांना शिव्या घालणं ही आपली राष्ट्रीय करमणूक आहे, एखादी मालिका उलट बाजूने गेली की लगेच ‘जाहिरात’.

सांजसावली

रातकिडा, तपास उत्तम झाला हे अर्धविरामही नाकारत नाहीयेत. प्रश्न काय गाळलं याचा आहे.

त्या रात्री बसमध्ये तिच्यासोबत असलेल्या मित्राने जानेवारी 2013 मध्ये टीव्हीवर सांगितलं होतं, की आलेल्या पोलीस गाड्या हद्द कोणाची यावरच वाद घालत राहिल्या. पोलिसांनी ते नाकारलं. कोण खरं, ते बाजूला ठेवू. पण ज्याने मार खाल्ला, जो रस्त्यावर पडून होता, त्याच्याकडेच मालिका काहीशा संशयाने बघते. त्याची बाजू त्याच्या डोळ्यांनी एकदाही दिसत नाही. आणि 22, 23 डिसेंबरला रायसीना हिल आणि इंडिया गेटवर थंडीत उभ्या असलेल्या मुलामुलींवर पाण्याचे फवारे आणि अश्रुधूर सोडला गेला होता. कायदाबदल सुचवण्यासाठी नेमलेल्या न्या. वर्मा समितीने 29 दिवसांत अहवाल दिला, त्यात पोलिसांच्या वागण्यावर कडक ताशेरे आहेत. बलात्काराचा कायदा 2013 मध्ये बदलला तो त्या गोंगाटामुळे, ठाण्यात कोणी रात्रभर जागलं म्हणून नव्हे.

हद्दीबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी एकाने पाठलाग करून छळलं म्हणून तक्रार द्यायला गेले. ‘मॅडम, पुलाच्या अलीकडे घडलं की पलीकडे?’ अलीकडे म्हटलं तर या ठाण्याने त्या ठाण्याला पाठवलं, त्या ठाण्याने परत इकडे. झीरो एफआयआर (हद्द कोणाचीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार) हा शब्द मीच त्यांना सांगितला, तेव्हा कागद पुढे आला. शेफाली शाहची पोलीस अधिकारी वर्तिका चतुर्वेदी पडद्यावर बघताना मला प्रत्येक वेळी तो पूल आठवतो.

खाकीचा_नातू

आजोबा हवालदार, वडील फौजदार म्हणून निवृत्त. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सांजसावली ताई, तुमच्याशी जे झालं ते चूकच. पण या मालिकेत मला जे दिसलं ते आधी कुठेच दिसलं नव्हतं. देशभर गाजणारा तपास सुरू आहे आणि राजेश तैलंगचा इन्स्पेक्टर भूपेंद्र सिंह मधूनच मुलीच्या स्थळाबद्दल फोनवर बोलतोय. आमच्या घरी अगदी असंच चालायचं. बहिणीच्या साखरपुड्याची यादी बाबांनी बंदोबस्तावरून फोनवर सांगितली होती, मागून वॉकीटॉकी खरखरत होता. सिनेमातला पोलीस एक तर सिंघम, नाहीतर लाचखाऊ. दमलेला पोलीस कोणी दाखवलाच नव्हता. त्याला तुम्ही जाहिरात म्हणता, मी दखल म्हणतो.

कोरडा_पाऊस

सगळे पहिल्याच सीझनवर भांडताय. दुसरा (2022, पाचच भाग) कोणी नीट बघितलाय का? माझ्या मते खरी मालिका तीच, आणि अर्धविराम यांच्या आक्षेपाला उत्तर तिथेच आहे.

चड्डी-बनियान टोळीसारखे (फक्त अंतर्वस्त्रांत घरं फोडणाऱ्या टोळ्यांसारखे) खून पडू लागतात. वरून दबाव येतो आणि पोलीस सवयीने विमुक्त जमातींच्या वस्तीत शिरून माणसं उचलतात. ‘यांच्या रक्तातच गुन्हेगारी’ असं मानणारा एक निवृत्त अधिकारी सल्लागार म्हणून आणला जातो. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण त्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि ठाण्यातल्या डोक्यांमधला शिक्का तसाच राहिला. आणि इथे या चुकीत वर्तिका स्वतः सामील आहे. तिला कळतंय की ही माणसं ती नव्हेत, तरी सुरुवातीला ती पुरेशी आडवी येत नाही. शेफाली शाहचा त्या वेळचा चेहरा बघा. पहिल्या सीझनमध्ये तिच्या डोळ्यांत संताप होता, इथे शरम आहे.

तरी लोकांची तक्रार काय, तर ‘पहिल्यासारखा थरार नाही’. पोलीस बरोबर असले की आपल्याला थरार वाटतो, चुकले की मालिका ‘संथ’ होते!

अर्धविराम

कोरडा पाऊस, शेवटचं वाक्य लागलं. मीही तेव्हा ‘संथ’च म्हणालो होतो.

पण पूर्ण सहमत नाही. वस्तीतल्या माणसांना त्या सीझनमध्येही स्वतःचं घर नाही, ती दिसतात ती पोलिसांनी उचलल्यापासून. उलट तिलोत्तमा शोमची लता, म्हणजे गुन्हेगार, तिला मात्र ब्युटी पार्लरचं स्वप्न, मूल, भूतकाळ सगळं दिलंय. निरपराधांना तेवढं फुटेज मिळालं नाही.

रातकिडा

लता ही मालिकेतली सर्वांत जिवंत व्यक्तिरेखा आहे, तेवढं राहू द्या हो. तिच्यापुढे तिसऱ्या सीझनमधली तस्करी करणारी बडी दीदी फिकी वाटली. हुमा कुरेशीने मेहनत घेतलीय, पण लेखकांनी मानवी तस्करीचा इतका मोठा नकाशा पसरला की माणसं त्यावर टाचण्यांसारखी टोचलेली राहिली. जखमी बाळाचा धागा (2012 मध्ये एम्समध्ये आणलेल्या बाळाच्या प्रकरणावरून घेतलेला) तेवढा काळीज चिरतो.

आणि मित्राबद्दलचा सांजसावलींचा मुद्दा... पहिला भाग काल परत लावला. खरंय. त्याच्याकडे आपण पोलिसांच्याच नजरेने बघतो. सहा वर्षांपूर्वी मीही त्याच्यावर चिडलो होतो, का ते आता आठवत नाही. बाकी माझं मत कायम.

सांजसावली

एवढं पुरे आहे मला. :)

खाकीचा नातू, दमलेल्या पोलिसाबद्दल तुमचं पटतं. त्या रात्री मला इकडून तिकडे पाठवणारा कॉन्स्टेबलही दमलेलाच होता, सतत डोळे चोळत होता. त्याच्यावर मालिका निघाली तर बघेन, अट एकच, पुलावर ताटकळणारी बाईही तिच्यात हवी.

खाकीचा_नातू

मान्य, ताई.

जाता जाता, काल बाबांना पहिला भाग दाखवला. सलग तासभर एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, भारावले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, ‘सगळेच धावतायत. पंचनामा कोण लिहितोय?’ आणि झोपायला गेले.