मदत हवी आहे: साडेली पेटीची नक्षी सुटतेय, कशाने चिकटवू?

शिसवी_खुर्ची
साडेलीकामाची (हस्तिदंत, लाकूड, धातूच्या बारीक कणांच्या जडावाची) जुनी पेटी आहे. झाकणावरची नक्षी उचलली गेलीय, तीनचार कण निघून हातात आले. फेविकॉल चालेल का? शनिवारी पाहुणे येणार आहेत, त्यामुळे लवकर सांगा. "तज्ज्ञाकडे न्या" हे उत्तर नको.

रंधा
फेविकॉल नको. पुढचं सांगायला माहिती अपुरी आहे. नक्षीखालचं लाकूड कोणतं? पांढरं आहे ते हस्तिदंत की हाड? धातूच्या रेषा आहेत का? आधी कुणी काही लावलंय का? पेटी कुठे ठेवता? फोटो टाका, पण दिवा आडवा धरून, म्हणजे कुठे किती उचललंय ते सावलीवरून कळेल.

शिसवी_खुर्ची
अहो, जुनी मुंबईची पेटी आहे, अशा सगळ्या सारख्याच असतात ना? फक्त गोंदाचं नाव हवंय.

चपडा
शिसव असेल तर चपड्याचं (लाखेचं) पॉलिश करा. १०० मिली स्पिरिटमध्ये २० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवायचा, मलमलीतून गाळायचा, कापसाच्या पुरचुंडीने पातळ हात मारायचे. पेटी नवी दिसेल.

रंधा
@चपडा, पॉलिशचं विचारलंय कुणी? नक्षी सुटलेली असताना स्पिरिट फटीतून आत जातं आणि जुन्या सरसातलं (जनावरांच्या कातडी-हाडांच्या गोंदातलं) पाणी ओढून घेतं. सरस ठिसूळ होतो. जुने सांधे मुद्दाम सोडवायचे असतील तर स्पिरिटच सोडतात.

सुरतेची_वाट
साडेली कशी बनते ते लक्षात घेतलं तर अर्धं उत्तर मिळतं. हस्तिदंत, आबनूस, चंदन, कथील, हिरवं रंगवलेलं हाड यांच्या बारीक त्रिकोणी कांड्या सरसाने एकत्र बांधतात आणि त्या जुडीचे आडवे पातळ काप काढून पेटीवर बसवतात. म्हणजे वर दिसणारं प्रत्येक लाकूड आडवं चिरलेलं, त्याच्या नळ्या उघड्या. पाणी लागलं की ते झटकन शोषतं, फुगतं आणि शेजारचा हस्तिदंताचा कण बाहेर ढकलतं. ओल्या फडक्याने पुसलेल्या पेट्यांचे कण याच कारणाने गळतात.

हाड की हस्तिदंत हे भिंगातून पाहा. हाडात तपकिरी-काळे ठिपके किंवा बारीक रेघा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानी असतात, पण साडेलीचे कण त्यासाठी फार लहान. कडेची रुंद पट्टी बघा.

शिसवी_खुर्ची
बरं. झाकण उघडलं की चंदनाचा वास येतो. पांढऱ्यावर ठिपके नाहीत. राखाडी धातूचे कण आहेत. पेटी एसीच्या खोलीत असते. एका कोपऱ्यात काचेसारखा कडक पारदर्शक गोंद दिसतोय.

रंधा
हे पहिल्याच वेळी लिहायला हवं होतं. एसीने हवा कोरडी होते, चंदनाची फळी रुंदीत आकसते, कथील आकसत नाही, मग नक्षी तंबूसारखी वर उठते. आत्ता दाबून चिकटवलीत तर मावणारच नाही. कडा घासून बसवायचा मोह टाळा. पेटी आधी दोनतीन आठवडे ५० ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवा. आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो.

मग फटीत जेमतेम ओलसर कापसाची काडी लावा. चिकट झालं तर मूळ सरस, दुधाळ पांढरं झालं तर फेविकॉलच्या जातीचं काही.

सरसच असेल तर १० ग्रॅम दाणेदार सरस २० ग्रॅम थंड पाण्यात रात्रभर फुगवा, दुसऱ्या दिवशी गरम पाण्यावर भांडं ठेवून ६० अंशांपर्यंत तापवा. ७० च्या वर गेला की ताकद जाते. फटीत सुईने अगदी थोडा सोडा, बाहेर आलेला लगेच पिळलेल्या कापसाने टिपा. वर बटर पेपर, त्यावर बुचाचा (कॉर्कचा) पातळ तक्ता, त्यावर सपाट ॲक्रिलिकचा तुकडा आणि किलोभर वजन. २४ तास हलवू नका. इस्त्री तर मुळीच नको, कथिलात शिसं मिसळलेलं असेल तर तो मिश्रधातू १८३ अंशांनाच वितळू लागतो.

काचेची_बाटली
सरसाला बुरशी येते, झुरळं खातात. संग्रहालयात पॅरालॉइड बी-७२ (ॲक्रिलिक राळेचा गोंद) वापरतात, ॲसिटोनमध्ये विरघळतो, कधीही काढता येतो.

रंधा
बी-७२ चाळीस अंशांना मऊ पडायला लागतो. मे महिन्यात बंद गाडीत पेटी ठेवली की संपलं. शिवाय काढताना ॲसिटोन जुन्या चपड्याच्या पॉलिशलाही मऊ करतो. काचेला, मातीच्या भांड्यांना उत्तम, साडेलीला नाही.

काचेची_बाटली
पेटी गाडीत कोण ठेवतं? मग माशाचा सरस तरी सांगा, तो तापवावा लागत नाही आणि हस्तिदंताला चांगला धरतो.

रंधा
हे मान्य. नवख्या हाताला तोच बरा, घाई होत नाही.

सुरतेची_वाट
अवांतर: ही कला इराणातल्या शिराझहून आली असं मानतात, तिथे आणि इस्फहानला खातमकारी (अशाच बारीक कणांचं जडावकाम) अजून चालते. सुरतेहून कारागीर मुंबईत आले आणि इंग्रजांनी त्या पेट्यांना बॉम्बे बॉक्स म्हटलं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्या मांडल्या होत्या.

पेठेतला_भाव
किती येतील हिचे?

सुरतेची_वाट
विकायचा विचारच नको. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, १९८६ च्या दुरुस्तीपासून भारतीय हत्तीचा आणि १९९१ पासून बाहेरून आलेलाही. वस्तू शंभर वर्षांची असेल तर पुरावशेष (जुन्या मौल्यवान वस्तूंच्या) कायद्यामुळे परदेशी नेता येत नाही. हरवलेल्या कणांच्या जागी हाड वापरा किंवा रंग घातलेलं मेण भरा.

शिसवी_खुर्ची
विकायची नाहीच. त्या कडक गोंदाचं काय करू? आणि शनिवारपर्यंत होणार नाही का?

रंधा
नाही होणार. सुटलेले कण डबीत ठेवा, प्रत्येक कुठला ते फोटोवर खूण करून. झाकणावर नुसता मऊ कागद टाकून पाहुण्यांना आतली बाजू दाखवा. तो गोंद फेवीक्विकसारखा दिसतोय. ॲसिटोन लावू नका, भिंगाखाली स्काल्पेल (बारीक धारदार चाकू) आडवं धरून तो खवल्यासारखा उडवा, धार लाकडाकडे न वळवता. धातूवर ब्रासो (पितळ चकाकवायचं पॉलिश) नको, त्यातला अमोनिया हिरव्या कणांचा रंग खातो.