जंताचं औषध दोनदा पाजलं तरी शेळ्यांच्या जबड्याखाली सूज, काय करू?

पांझराकाठ
राम राम मंडळी. साक्री तालुका, शेळ्या २२, मेंढ्या ९. पोळा झाल्यापासून तीन शेळ्यांच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज आलीय. संध्याकाळी चरून आल्या की जास्त, सकाळी जरा उतरलेली. बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. हगवण नाही, लेंडी एकदम घट्ट, म्हणून घरचे म्हणतात जंत नसतीलच. तरी मी मेडिकलमधून अल्बेंडाझोल आणून मेंढ्या-शेळ्या सगळ्यांना सारखंच पाजलं, १५ दिवसांनी परत पाजलं. काल एक गेली, आठच दिवसांपूर्वी व्यालेली, दोन करडं उघड्यावर पडली. औषध डुप्लिकेट निघालं का भो? चराई सध्या पाटाच्या कडेलाच आहे, गवत तिथेच हिरवं आहे म्हणून.

गिरणेचं_पाणी
घटसर्प वाटतोय भाऊ, लस टोचून घ्या लगेच. आणि कडुनिंबाचा पाला चारा, जंतावर रामबाण.

मेंढकी_तिसरी_पिढी
घटसर्प नाही हो दादा. त्यात अंगात सणकून ताप असतो, सूज गरम आणि दुखरी असते, जनावर एक-दोन दिवसात संपतं. इथे संध्याकाळी वाढते सकाळी उतरते म्हणजे अंगातलं रक्त कमी होऊन पाणी खाली उतरतंय, शेळी दिवसभर मान खाली घालून चरते ना. कडुनिंब चारा, नुकसान काही नाही, पण त्याच्या भरवशावर राहून माझी सहा मेंढरं गेलीत म्हणून सांगतो.

पांझराकाठ भाऊ, आज एक काम करा. उजेडात शेळीची खालची पापणी अंगठ्याने खाली ओढून आतला रंग बघा. लालबुंद असेल तर ठीक, गुलाबी असेल तर लक्ष ठेवा, कागदासारखी पांढरी असेल तर तिला आधी उचला. आमचे आबा हेच बघायचे, आता त्याचं रंगाचं कार्ड निघालंय १ ते ५ आकड्यांचं, १ म्हणजे लाल, ५ म्हणजे पांढरी, दक्षिण आफ्रिकेत बनवलेलं. ४ आणि ५ वाल्यांना औषध द्यायचंच. फक्त गोचीड किंवा यकृतातल्या चपट्या जंतानेही पापणी पांढरी पडते एवढं ध्यानात ठेवा.

लेंडी_तपासा_आधी
वरच्यांनी बरोबर सांगितलंय. हा रक्त पिणारा गोल जंत, हिमॉन्कस, चौथ्या पोटात राहतो. हगवण सहसा लागतच नाही, म्हणून तर लोक फसतात. एक मादी दिवसाला पाच-दहा हजार अंडी टाकते आणि उबदार ओल मिळाली की आठवड्याभरात त्यातली अळी गवतावर चढून बसते, ती पण दवात, गवताच्या खालच्या चार बोटांत. तुमचा पाटकाठ म्हणजे तिच्यासाठी बारमाही हॉटेल आहे. एकीकडे औषध पाजायचं आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच सोडायचं, मग बिचारं औषध काय करणार.

डुप्लिकेट असेलही, पण मला डोसची शंका जास्त आहे. शेळीचं शरीर हे औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीचा डोस शेळीला कमी पडतो. त्यात आपण वजन डोळ्यानेच ठरवतो. इंचात टेप घ्या, पुढच्या पायामागून छातीचा घेर, घेर गुणिले घेर गुणिले खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ६६०, किलो आले. घेर २८ आणि लांबी २५ असली तर जवळपास ३० किलो. कमी डोस परत परत दिला की जंतच औषधाला सरावतात, तिथे कंपनी बदलून उपयोग नाही, औषधाचा गट बदलावा लागतो.

पण गट स्वतःच्या मनाने बदलू नका, डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या गटांतल्या औषधांपैकी लेव्हामिसोल जास्त झालं तर विषबाधा होते, क्लोसँटेलने आंधळं झालेलं जनावर मी स्वतः बघितलंय. अल्बेंडाझोल गाभणीच्या पहिल्या महिन्यात नको. आणि आधी चार-पाच पांढऱ्या पापणीवाल्यांची ताजी लेंडी वेगवेगळ्या डबीत घेऊन दवाखान्यात द्या. पाटात गोगलगायी असतील तर चपटा जंत आहे का तेही बघायला सांगा, त्याचं औषध वेगळं. करडांना हगवण लागली तर मात्र हे जंताचं औषध पाजत बसू नका, बहुतेक वेळा ते कॉक्सिडिया म्हणजे आतड्यातला डोळ्याला न दिसणारा परजीवी असतं, त्याला याने काहीच होत नाही.

पांझराकाठ
सगळ्यांचे आभार. पापण्या बघितल्या, सात पांढऱ्या, त्यात सूज नसलेल्या चार, ते बघून पोटात गोळा आला. टेप लावली तर ज्या शेळीला २० किलोची समजून पाजलं ती ३१ निघाली. लेंडीत गोल जंताची अंडी भरपूर, चपटा सापडला नाही. डॉक्टरांनी औषध बदललं, दहा-बारा दिवसांनी परत लेंडी मागवलीय, अशक्त शेळ्यांना शेंगदाण्याची पेंड सांगितलीय. कळप दुपारनंतर माळावर नेतोय, गवत कमी आहे पण कोरडं आहे. दोन करडांपैकी एक दुसऱ्या शेळीला लागलं, दुसरं अजून बाटलीवर. गायीचं दूध पाजताना त्यात पाणी घालायचं का कोणी सांगेल का?

मेंढकी_तिसरी_पिढी
नको, पाणी अजिबात नको. कोमट करा, थोडं थोडं दिवसातून चार वेळा.