क्लोरोअ‍ॅसिटोनची जुनी बाटली वापरावी का?

प्रश्न: थायोयुरियाबरोबर हँट्श अभिक्रिया (थायाझोल संयुगं बनवायची पद्धत) करून २-अमिनो-४-मिथाइलथायाझोल बनवायचंय. त्यासाठी लागणारी कपाटातली क्लोरोअ‍ॅसिटोनची बाटली तपकिरी पडलीय, झाकणाभोवती खपली धरलीय. उत्कलनबिंदू ११९ अंश, मग ऊर्ध्वपातन करून शुद्ध करून घेऊ का?

उत्तर: अजिबात नको. झाकणाला हातही लावू नकोस. उजेडात हे काळवंडतं, पॉलिमर बनतो, आणि नुसत्या ठेवलेल्या बाटल्या फुटल्याच्या नोंदी आहेत. सुरक्षा अधिकाऱ्यांना आजच कळव, विल्हेवाट त्यांनाच लावू दे. नवीन मागवशील ती कॅल्शियम कार्बोनेट घालून स्थिर केलेली माग, अंधारात ठेव आणि लागेल तेवढीच घे.

उत्तर: यात भर घालतो. पहिल्या महायुद्धात हे अश्रुवायू म्हणून वापरलं गेलं, त्यामुळे डोळ्यांची काळजी सगळेच घेतात. मला खरी धास्ती त्वचेची वाटते. हे कातडीतून शरीरात शिरतं आणि विषारी आहे. नेहमीचे पातळ नायट्राइल हातमोजे कीटोनपुढे (हेही कीटोनच) टिकत नाहीत. ब्यूटाइल रबरचे घ्या. मोजमापसुद्धा फ्यूमहूडमध्येच (वाफा बाहेर ओढून घेणारं, पुढे सरकती काच असलेलं कपाट), काच खाली ओढून. एकट्याने तर करूच नका.

प्रश्नकर्ता: बाटली जागची हलवली नाही. अधिकाऱ्यांना फोन केलाय, कपाटावर सूचना चिकटवलीय.