'एका तरी मशिदीतून निषेध ऐकू आला का?' : ही पोस्ट फिरवणाऱ्यांसाठी

डोंगरी_ते_दादर (धागाकर्ता)
'पहलगामच्या वेळी एका तरी मशिदीतून निषेध ऐकू आला का?' ही पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. ऐकायला गेलं होतं कोण? २२ एप्रिल २०२५ ला २६ माणसं मारली, त्यात तिथला घोडेवाला मुसलमानही होता. २५ तारखेच्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजला, ठिकठिकाणी लोक काळ्या फिती बांधून गेले. जुम्म्याचा खुतबा, म्हणजे इमामाचं प्रवचन, अरबीत असतो. काही सांगायचं ते त्याआधीच्या उर्दू बयानात, पंधरा-वीस मिनिटांत, आणि ते आत बसलेल्यांपुरतंच. निषेधाची प्रेसनोट निघते तीही उर्दूत, छापून येते उर्दू पेपरात. मराठी डेस्कवर ती वाचणार कोण? आमच्या संघटनाही कमाल करतात. रात्री आठला नोट पाठवायची, सोबत फोटो नाही, मराठी मजकूर नाही, खाली दहा पदाधिकाऱ्यांची नावं. तोवर पानं लागलेली असतात.

गिरगावकर७१
म्हणजे घरातल्या घरात निषेध. ११ ऑगस्ट २०१२ ला आसाम-म्यानमारच्या मुसलमानांसाठी आझाद मैदान भरलं, तेव्हा नाही भाषा आडवी आली! दोन जीव गेले, पोलीस फोडले, अमर जवान स्मारकाला लाथा घातल्या. त्यांच्यासाठी मैदान आणि पहलगामला दंडावर फीत?

श्रीवर्धनी
चॅनेलला उर्दूच लागते हो. घरात कोकणी-मराठी बोलणारा मुसलमान त्यांना 'तसा' वाटत नाही. समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, ते कुठल्या भाषेत बोलत होते? चर्चेला मात्र दरवेळी तोच ओरडणारा मौलाना, आणि समोर दुसरा ओरडणारा.

डोंगरी_ते_दादर
गिरगावकर साहेब, २०१२ लाजिरवाणंच होतं. पण २००८ सोयीने विसरू नका. २६/११ च्या नऊ मेलेल्या हल्लेखोरांना बडा कबरस्तानात जागा द्यायला मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टने नकार दिला. पाकिस्तानने प्रेतं घेतली नाहीत. वर्षभराहून जास्त ती जेजेच्या शवागारात पडून होती. जानेवारी २०१० मध्ये गुपचूप पुरली, आणि गृहमंत्री आर. आर. पाटलांनी ते एप्रिलमध्ये सांगितलं. डिसेंबर २००८ च्या बकरी ईदलाही काळ्या फिती होत्या. याहून मोठा निषेध कसा करतात ते शिकवा.

गिरगावकर७१
आणि ३० जुलै २०१५ ला त्याच कबरस्तानात १९९३ च्या स्फोटांसाठी फाशी गेलेला याकूब मेमन! गर्दी बघितलीत? २०२२ ला कबरीवरचे दिवे?

दारुल_इफ्ता
दोन्हींची गल्लत नको. याकूबचं प्रेत सरकारनेच घरच्यांच्या ताब्यात दिलं, आणि वारस दफन करतात तेव्हा ट्रस्टचं काम नोंद आणि जागा एवढंच. बेवारस प्रेतासाठी पोलीस ट्रस्टकडे येतात. तिथे नकाराला वाव आहे. हनफी फिकहमध्ये, म्हणजे हनफी पंथाच्या धर्मशास्त्रात, लढताना मेलेल्या बंडखोराची आणि वाटमाऱ्याची जनाजा नमाज नाही.

श्रीवर्धनी
थांबा. जामा मशीद परंपरेने कोकण्यांची, आणि आम्ही शाफई, हनफींहून वेगळा पंथ. आमच्यात बंडखोरालाही गुसल (आंघोळ), कफन, नमाज सगळं आहे. आणि नमाज नसली तरी दफन नाकारा असं हनफीही कुठे म्हणतात? दफन फर्ज-ए-किफाया आहे. काही जणांनी केलं तर सगळे सुटले, कोणीच नाही केलं तर सगळे गुन्हेगार. ट्रस्टने हा बोजा उघड्या डोळ्यांनी घेतला.

दारुल_इफ्ता
बोजा कसला? 'निरपराधांना मारणारे आमचे नाहीत' ही ट्रस्टची भूमिका होती.

श्रीवर्धनी
मग काफिर ठरवलंत! अहो, हीच तर आयसिसवाल्यांची सवय. कोण मुसलमान हे ट्रस्टींनी मीटिंगमध्ये ठरवायचं का?

लालबागचा_बाळ्या
प्रश्न निषेधाचा होता, तुम्ही कफन मोजत बसलात. फतवा काढा ना सरळ.

दारुल_इफ्ता
काढलेत की. ३१ मे २००८, दिल्लीचं रामलीला मैदान, देवबंदचा फतवा. पण फतवा आपोआप निघत नाही. कोणीतरी लेखी सवाल टाकतो आणि मुफ्ती तेवढ्याचंच उत्तर देतो. सवाल मोघम असला की जवाबही मोघम, संघटनेचं नाव नाही, मग तुम्ही म्हणणार गुळमुळीत. २०१५ ला सवाल नेमका विचारला गेला, तेव्हा आयसिसचं नाव घेऊन हजारावर आलिमांनी सह्या केल्या. ते काम मुंबईतूनच झालं. आणि फतवा बंधनकारक नसतो, हे २०१४ ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय.

लालबागचा_बाळ्या
बंधनकारक नसेल तर उपयोग काय?

डोंगरी_ते_दादर
तुमच्या निषेध मोर्चाचा किती असतो? आणि दुसरी बाजूही ऐका. ७/११ मध्ये, म्हणजे २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात, खालच्या कोर्टाने दोषी ठरवलेल्या बाराही जणांना हायकोर्टाने २१ जुलै २०२५ ला निर्दोष सोडलं. सुप्रीम कोर्टाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत चालणार नाही म्हटलं, पण कोणाला परत आत टाकलं नाही. मोहल्ल्यात लोक तोलून का बोलतात ते यातून कळेल.

गिरगावकर७१
तोलून बोलणं आणि न बोलणं यात फरक आहे. पण नऊ प्रेतांचा मुद्दा दिला तुम्हाला. उपकार समजा. आता पुढची नोट मराठीत काढा, दुपारी चारच्या आत, दीडशे शब्द, एकाच माणसाची सही आणि त्याचा चालू असलेला नंबर. हल्ल्याचं नाव पहिल्या ओळीत. 'आम्हीही पीडित आहोत' हे त्या दिवशी नको.

श्रीवर्धनी
नोट मीच लिहून देतो. डेस्कवरून 'बाइट द्यायला उर्दू बोलणारे कोणी आहेत का' असा फोन आला, तर तो तुम्ही घ्या.