मनगट मोडले, पण अहवालात ऑस्टिओपोरोसिस नाही: आईला औषध सुरू करावे का?

प्रश्न

माझी आई ६७ वर्षांची आहे. गेल्या वर्षी चालताना तोल जाऊन ती पडली आणि तिचे उजवे मनगट मोडले. त्यानंतर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत खुब्याचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत घनता किती आहे हे सांगणारा आकडा) उणे २.२ आला, म्हणून ‘हा ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार नव्हे, त्याच्या आधीची पायरी आहे’ असे सांगून तिला केवळ कॅल्शियमच्या गोळ्या देण्यात आल्या. परवा मोजली तेव्हा तिची उंची तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरने कमी भरली. पाठ मात्र दुखत नाही. ऑस्टिओपोरोसिसच्या औषधांनी जबड्याचे हाड खराब होते असे ऐकून ती धास्तावली आहे. एवढ्यावर थांबावे का?

पहिला प्रतिसाद

थांबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने १९९४ मध्ये निदानाच्या सोयीसाठी आखली. आकडा तिच्या वर असला की हाड मोडत नाही, असा तिचा अर्थ कधीच नव्हता. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणे ही हाड दुबळे झाल्याची खूण असते, आणि एकदा असे हाड मोडले की पुढची काही वर्षे दुसरे मोडण्याचा धोका विशेष वाढलेला असतो.

मला मनगटापेक्षाही उंचीची काळजी अधिक वाटते. मणका पुष्कळदा नकळत चेपला जातो. दुखतेच असे नाही, आणि दुखले तरी वयाची पाठदुखी म्हणून सोडून दिले जाते. म्हणून छातीच्या व कमरेच्या मणक्यांचा बाजूने एक्स-रे काढून घ्यावा. त्यात चेपलेला मणका दिसला आणि त्यामागे मोठी इजा किंवा दुसरा आजार नसेल, तर टी-स्कोअर काहीही असला तरी तो ऑस्टिओपोरोसिसच ठरतो. ‘ड’ जीवनसत्त्व, कॅल्शियम, मूत्रपिंड, थायरॉईड आणि पॅराथायरॉईड यांच्या रक्ततपासण्याही राहिल्या असतील तर करून घ्याव्यात.

दुसरा प्रतिसाद

जबड्याविषयी थोडे. हा दुष्परिणाम खरा आहे, परंतु ऑस्टिओपोरोसिससाठीच्या मात्रेत तो विरळा आहे. कर्करोगात हीच औषधे फार मोठ्या मात्रेत दिली जातात, तेथे तो अधिक दिसतो. दात काढायचे असतील तर औषधापूर्वी काढून घ्यावेत. मी स्वतः अलेंड्रोनेट या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाची आठवड्याची गोळी पाच वर्षे घेतली. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, अन्यथा अन्ननलिकेला इजा होऊ शकते.

याच कामाच्या डेनोसुमॅब या औषधाचे इंजेक्शन सुचवले गेले, तर मात्र एक गोष्ट आधीच विचारून घ्या. ते दर सहा महिन्यांनी, वेळेवर घ्यावे लागते आणि बंद करायचे झाल्यास त्याच्या जागी दुसरे औषध लागते. माझ्या थोरल्या बहिणीने ते आपल्या मनाने थांबवले आणि वर्षभरात तिचे दोन मणके चेपले. हा धोका तिला कोणीही समजावून सांगितला नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते.

तिसरा प्रतिसाद

कॅल्शियम हा कच्चा माल आहे. एवढा धोका असताना तेवढ्यावर भागत नाही. आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम पुरेसे असते, त्याहून अधिक घेऊन हाड अधिक बळकट होत नाही. चालण्याबरोबर स्नायूंना ताकद देणारे आणि तोल सावरणारे व्यायामही हवेत. मात्र मणक्यांचा एक्स-रे होईपर्यंत कमरेत वाकून ओझे उचलणे आणि पुढे झुकण्याचे व्यायाम टाळावेत. रात्री उठताना पुरेसा उजेड असावा, चष्म्याचा नंबर तपासावा आणि झोपेची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांच्या कानावर घालावी.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. एक्स-रे करून घेतो. आईने दम्यासाठी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या काही वर्षे अधूनमधून घेतल्या आहेत. हाडांशी त्यांचा संबंध असेल असे वाटले नाही, म्हणून आम्ही डॉक्टरांना सांगितले नव्हते.

पहिला प्रतिसाद देणारे

संबंध अगदी जवळचा आहे. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड आहे. स्टिरॉईडमुळे नवे हाड तयार होण्याचे काम मंदावते आणि डेक्सावरची घनता दाखवते त्याहून हाड अधिक दुबळे असू शकते. म्हणजे तो उणे २.२ चा आकडा आपल्या समजुतीपेक्षा गंभीर असण्याची शक्यता आहे. कोणत्या वर्षी, किती मात्रेत, किती दिवस गोळ्या घेतल्या ते जुन्या चिठ्ठ्यांवरून लिहून काढा आणि पुढच्या भेटीत सर्वांत आधी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. गोळ्या सध्याही चालू असतील तर त्या अचानक बंद करू नका.