पेनांगची दुकानघरं इतकी चिंचोळी का?

भटकभवानी:
मागच्या महिन्यात मलेशियाला जाऊन आले, त्यात पेनांगच्या जॉर्जटाऊन शहरात दोन दिवस. आर्मेनियन स्ट्रीटच्या आसपास सगळी एकाला एक चिकटलेली घरं, खाली दुकान वर बिऱ्हाड, समोरून जेमतेम पंधरा-वीस फूट आणि आत शिरलं की संपतच नाही, एका कॉफीच्या दुकानात बाथरूम शोधता शोधता मी मागच्या गल्लीतच निघायची बाकी होते. मध्येच उघडा चौक, चार कुंड्या आणि एक मांजर. गाईड म्हणाला दर्शनी रुंदीवर टॅक्स होता म्हणून अरुंद. खरंय का? आणि पुढची ती छपराखालची पायवाट कुणाची, दुकानदाराची की म्युनिसिपालटीची?

चुनागिलावा:
टॅक्सची गोष्ट गाईड लोक ॲमस्टरडॅमलाही सांगतात. तुम्ही आधी लाकूड बघा. दोन घरांत मिळून एक विटांची भिंत आणि माडीच्या तुळया या भिंतीवरून त्या भिंतीवर, मध्ये खांब नाही. तुळई पुरेल तेवढंच घर रुंद, मग जागा हवी तर मागे सरकायचं. यात मजा अशी की भार सगळा बाजूच्या भिंतींवर गेल्याने दर्शनी भिंतीला फारसं काही उचलायचंच नसतं, म्हणून तर वर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या झडपांच्या खिडक्या चालतात. चौक नसता तर मधल्या खोल्यांत दिवसा दिवा लावायला लागला असता. गरम हवा तिथून वर जाते, पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीखालच्या गटारातून निघून जातो. आपल्या वाड्याचा चौकच, पण चिमटीत धरून दाबलेला.

सिंगापूरवासी:
पायवाटेचं मी सांगतो. मलायमध्ये तिला काकी लिमा म्हणतात, काकी म्हणजे फूट आणि लिमा म्हणजे पाच (आपल्या काकीचा संबंध नाही). याचा नियम सिंगापूर वसवणाऱ्या इंग्रज अधिकारी रॅफल्सने १८२२ मध्ये इथे सिंगापुरात घातला, की प्रत्येक घराने पुढे ठराविक खोलीचा व्हरांडा सोडायचा आणि तो लोकांना चालायला कायम उघडा ठेवायचा. थोडक्यात जागा मालकाची, वाट सगळ्यांची. मग काय, दुकानदार पोती मांडणार आणि सरकार उचला म्हणणार. १८८८ मध्ये या वाटा मोकळ्या करण्यावरून इथे चक्क दंगल झालेली, व्हरांडा रायट्स म्हणतात तिला. आणि पाच फूट नुसतं नावाला हो, कुठे सात भरेल, कुठे स्कूटर लावली की दोन.

भटकभवानी:
अच्छा म्हणून प्रत्येक दुकानापुढे फरशी वेगळी! मी दोनदा ठेचकाळले, एकाची पायरी वर तर दुसऱ्याची खाली.

गिरगावचा_बंड्या:
आम्ही अशाच एका घरात राहिलो, आता हॉटेल केलंय. माडीवर पुढच्या दाराच्या बरोबर वर जमिनीतली वीतभर फळी उचलता येते, खाली कोण आलंय ते वरूनच बघायचं. माझ्या मुलाने ती अर्ध्या तासात वीसेक वेळा उघडली असेल, शेवटी बायकोने त्यावर बॅग ठेवली. बाकी ही घरं टिकली कशी ते आम्हा गिरगावकरांना कळायला वेळ लागत नाही. तिथेही भाडेनियंत्रण होतं, भाडं इतकं कमी की मालक डागडुजी करेना आणि भाडेकरूला काढताही येईना, मग पाडणार कोण? २००० साली ते उठलं तसे बरेच जुने भाडेकरू बाहेर गेले, २००८ ला युनेस्कोचा शिक्का बसला आणि आता खोलीचं भाडं विचारू नका.

चुनागिलावा:
बंड्याभाऊ अगदी बरोबर. त्यात नवीन मालक हौसेने सिमेंटचा गिलावा मारतात ते वेगळंच. जुन्या विटा जमिनीतली ओल वर ओढतात, चुन्यातून ती सुकून जाते, सिमेंटमधून तिला बाहेर पडता येत नाही मग ती आणखी वर चढते. भटकभवानी, फोटो काढले असतील तर झूम करून भिंतीचा खालचा गुडघाभर भाग बघा, पोपडे दिसले तर तिथे बहुतेक सिमेंट आहे.

भटकभवानी:
बघितलं. कॉफीवाल्याकडे कमरेपर्यंत आहेत.